गिरजाबाई आणि साबणाची वडी

फवारणीच्या दिवसांत मोहबोडीच्या शिवारात एक बाई बादली आणि साबणाची वडी घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या बांधांवरून फिरते. नव्या माणसाला वाटतं, ही कपडे धुवायला निघाली. गावातले काही तिला पाहून हसतात, काही मान फिरवतात. एखादाच पाठीवरचा पंप खाली ठेवतो आणि ओला सदरा काढून टाकतो. ती गिरजाबाई, मनसारामची बायको.

मोहबोडी सिंदेवाहीच्या पलीकडे आहे. चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मधे मालगुजारांच्या काळातला एक जुना मामा तलाव आणि त्याच्या पाळीखाली मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं. मनसारामच्या बापानं तलावावर जन्म काढला. मनसारामनंही तेच करायचं ठरवलं होतं, पण तलाव गाळानं भरत गेला, वर जलपर्णी माजली आणि जाळ्यात मरळीऐवजी मुळ्याच जास्त येऊ लागल्या. गिरजा झिंगे सुकवून बाजारात विकायची, तेवढ्यावर घर चालत नव्हतं. पोरगा हेमराज मोठा झाला आणि गडचांदूरला सिमेंटच्या कामावर गेला. मनसाराम मात्र गावातच राहिला. पाण्यापासून लांब जाणं त्याला जमलं नसतं. मग त्यानं पाठीवर फवारणीचा पंप घेतला.

पहिल्या वर्षी त्याचं काम फसलं. धानाचं पान पाणी धरत नाही. त्याच्यावर बारीक लव असते आणि मेणासारखा थर असतो. थेंब पडला की गोल होतो, जरा डुलतो आणि घरंगळून चिखलात जातो. मनसारामनं मारलेलं औषध असंच खाली गेलं आणि किडा वर तसाच राहिला. शेतकऱ्यांनी त्याला तोंडावर सुनावलं. दुसऱ्या हंगामात मात्र औषधाच्या दुकानातून तो एक छोटी बाटली घेऊन आला. तिला सगळे स्टिकर म्हणतात.

गिरजा त्याच्यासोबत पाणी भरायला जायची. दुपारची भाकर खाताना त्यानं धानाचं एक पान तोडलं, तिच्यासमोर आडवं धरलं आणि बोटानं त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब टपोरा उभा राहिला. मग त्यानं गवताची काडी बाटलीत बुडवून तिचं टोक थेंबाला लावलं. थेंब एकदम खाली बसला आणि पानभर पसरला.

"बाई गं," गिरजा म्हणाली, "हे कसं झालं जी?"

"पानी आपल्याले आपनच धरून रायते," मनसाराम म्हणाला. "मूठ वळून बसल्यावानी. हे औषध त्याची मूठ सोडवते. मंग ते जिथी पडलं तिथीच चिकटते."

हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण पाण्यात वाढलेल्या माणसाला ते लवकर कळलं. सकाळच्या थंड पाण्याचे थेंब जास्त ताठ उभे राहतात आणि दुपारी तापलेलं पाणी लवकर पसरतं, हे त्यानं पाहून ठेवलं. बाटली संपली तर तो चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकायचा, पण बोअरच्या जड पाण्यात ती फाटते, म्हणून त्यासाठी बोडीचंच, शिवारातल्या लहान तळ्याचंच पाणी आणायचा. हळूहळू लोक मनसारामभाऊलाच बोलवा म्हणू लागले. तलावावर गेलेली पत त्याला बांधीत परत मिळाली. संध्याकाळी घरी येताना तो मान वर करून चालायचा, असं गिरजा सांगते.

औषध विषारी असतं हे त्यालाही ठाऊक होतं. त्यावर त्याचा एक घरचा उपाय होता. हिवाळ्यात तलावात उतरताना ढिवर अंगाला टोळीचं तेल लावतात, मोहाच्या बियांचं. त्यानं पाणी अंगाला लागत नाही, गारठा कमी होतो. मनसाराम फवारणीला जातानाही तेच तेल लावायचा. पाठीवर हात पोचत नाही म्हणून तिथं गिरजा लावून द्यायची. वरून सदरा घालायचा आणि पंप चढवायचा. पंपाच्या झाकणातून थोडं औषध गळायचंच. ते पाठीवरून रेघ धरून खाली यायचं आणि धोतराच्या काष्ट्याशी टपकून जायचं.

"तेलावर पानी थांबते काय?" तो म्हणायचा. "कमळाच्या पानावानी हाय आपली पाठ."

गिरजालाही ते पटलेलं होतं. तिच्या माहेरी, सासरी, सगळ्यांनी तेच पाहिलेलं.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर धानावर तुडतुडा आला. लोंब्या भरत आल्या होत्या आणि बांधीत मधेच गोल गोल करपलेले पट्टे दिसू लागले, जाळ लावल्यासारखे. सगळं गाव एकदमच पंप शोधू लागलं. मनसाराम दिवसभर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जात होता. त्याचे डोळे लाल झाले होते, डोकं दुखत होतं. गिरजानं एक दिवस थांबा म्हटलं, तर तो म्हणाला, "आता थांबलो तं लोकाईच्या धानाले काय करू?"

मग प्रफुलचा निरोप आला. प्रफुल हा शेजारच्या आळीतला तरुण शेतकरी, मनसारामला भाऊ म्हणणारा. त्याच्या बांधीत पट्टा सगळ्यांत मोठा पडला होता. दुकानातून त्यानं दोन औषधं आणून एकत्र केली होती, आणि स्टिकरची बाटली जवळजवळ अर्धी त्यात ओतली.

मनसारामनं ते पाहिलं. "एवढं नोको टाकू गा. पान जळते."

"जळू दे ना भाऊ," प्रफुल म्हणाला. "पन किडा मेला पायजे. माह्या डोळ्यासमोर सारं जाऊन राह्यलं."

त्याचा चेहरा पाहून मनसारामनं वाद घातला नाही. गिरजानं सकाळीच त्याच्या पाठीला तेल लावलं होतं. त्यानं पंप भरला आणि बांधीत उतरला.

दुपार तापली होती. वारा पडला होता. पंपाचं झाकण नेहमीसारखंच गळत होतं, पण त्या दिवशी औषध रेघ धरून खाली आलं नाही. ते पसरलं. मानेपासून कंबरेपर्यंत सदरा ओला झाला आणि अंगाला चिकटला. पाणी द्यायला गिरजा धुऱ्यावर गेली तेव्हा तो म्हणाला, "आज पाठ लय ओली वाटून राह्यली वं."

"मंग काढा ना पंप."

"एवढी बांधी होऊ दे."

ती बांधी झालीच नाही. गिरजा बोडीवरून दुसरी खेप घेऊन आली तेव्हा तो धानात उकिडवा बसला होता. तोंडातून लाळ गळत होती. घाम इतका की केसांतून पाणी निथळत होतं. तिनं हाक मारली तर त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "अंधार काऊन झाला?" ऊन डोक्यावर होतं. मग त्याला ओकारी झाली आणि दंडाचे स्नायू कातडीखाली उडू लागले.

गिरजा ओरडली. प्रफुल धावत आला. दोघांनी मिळून त्याला धुऱ्यावर ओढलं, पंप काढला, सदरा काढला. गिरजानं भरलेली बादली त्याच्या पाठीवर उपडी केली, मग दुसरी. तेल लावलेल्या पाठीवरून पाण्याचे गोळे घरंगळत खाली गेले. अंग धुतलं गेलं असं तिला वाटलं. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं. प्रफुलनं कोणाची तरी गाडी आणली आणि त्यांनी त्याला सिंदेवाहीच्या दवाखान्यात नेलं.

तिथं रंजीता नावाची सिस्टर होती. तिनं मनसारामच्या डोळ्यांत बॅटरी मारली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या पाहिल्या आणि लगेच डॉक्टरांना आवाज दिला. डॉक्टरांनी सुई सुरू केली. इकडे सिस्टरनं हातमोजे चढवले, मनसारामच्या अंगावरचं राहिलेलं धोतरही कापून काढलं आणि साबण लावून त्याला धुवायला घेतलं. केस, कानांमागे, काखा, नखं. पाठीवर साबण फिरला तसं पाणी दुधासारखं पांढरं होऊन खाली वाहू लागलं आणि खोलीभर औषधाचा वास सुटला.

गिरजा भिंतीला टेकून उभी होती. "पानी टाकलं होतं मी, बाई," ती म्हणाली. "दोन बादल्या टाकल्या."

"नुसत्या पाण्यानं नाही निघत हे," सिस्टर हात न थांबवता म्हणाली. "अंगाला तेल आहे. तेलावर पाणी गोळा होऊन पळून जातं. आणि विष तेलात मुरून बसतं. साबण लावला की पाणी सैल पडतं, तेलात शिरतं, त्याला सोबत घेऊन निघतं. तेल का लावलं होतं यांना?"

तेल तिनंच लावलं होतं.

तिथून त्याला चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. वाटेत त्याच्या तोंडाला फेस येत होता आणि गिरजा तो कापडानं पुसत होती. पण तिथं गेल्यावर सुयांनी काम केलं. लाळ थांबली, घाम थांबला. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले, गिरजाला ओळखलं आणि पाणी मागितलं. गडचांदूरहून हेमराज आला होता, त्याच्याशीही बोलला. खाटेजवळ प्रफुल मान खाली घालून उभा होता. मनसाराम त्याला म्हणाला, "मेला का रे तुडतुडा?"

प्रफुलनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

सगळ्यांना वाटलं, वाचला. गिरजानं बाहेर जाऊन पहिल्यांदा चहा घेतला. हेमराजनं कामावर फोन करून कळवलं की बाबा बरे आहेत.

त्यानंतर मनसाराम उशीवरून डोकं उचलू लागला तर ते उचलेना. तो हसला आधी. "मान जड झाली," म्हणाला. मग बोलताना शब्द तोंडातच राहू लागले. डॉक्टर धावत आले. त्यांनी हेमराजला बाजूला घेऊन सांगितलं की या विषात कधीकधी असं होतं, माणूस सावरल्यासारखा वाटतो आणि मागाहून मानेची, छातीची ताकद जाते. श्वासाचं यंत्र लावलं. गिरजानं त्याचा हात धरला होता. हात गरम होता, पण तो तिची बोटं दाबत नव्हता. यंत्रावर तो काही दिवस राहिला आणि तसाच गेला.

मोहबोडीत त्याला तलावाच्या पाळीजवळ अग्नी दिला. लोक हळहळले. कोणी म्हणालं, त्याचं आयुष्यच तेवढं होतं. कोणी म्हणालं, पंपच जुना होता. प्रफुलनं बाटली अर्धी ओतली होती हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण उघड कोणी बोललं नाही. उद्या प्रत्येकाला तेच करायचं होतं. प्रफुलची बायको दिव्या तेरवीच्या दिवशी भांडी घासायला आली. गिरजानं तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाली, "तू जा." त्यानंतर ती प्रफुलच्या धुऱ्यावरून जायची बंद झाली. तलावावर जायला तिला लांबचा फेरा पडायचा, तरी ती तिकडूनच जायची.

हेमराज म्हणाला, "आई, इथी एकटी काय करशीन? चाल माह्यासंग." गिरजा म्हणाली, "तिथी तलाव हाय का?"

हिवाळा उतरत आला तेव्हा ती एकटीच बसनं सिंदेवाहीला गेली. दवाखान्यात रंजीता सिस्टरला शोधून काढलं. सिस्टरनं आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि खुर्ची दिली. गिरजा खाली बसली.

"एक इचारतो बाई. धुऱ्यावर माह्यापाशी साबन असता, तं?"

"खोटं नाही सांगणार," सिस्टर म्हणाली. "थोडं विष कमी शिरलं असतं, हे खरं. ते वाचले असते का, हे मला नाही सांगता येत. बरेच दिवस ते फवारत होते. आधीचंही अंगात होतं."

"अन् तेल?"

सिस्टरनं गिरजाच्या खांद्यावर हात ठेवला. गिरजा तिथं रडली नाही. बसमध्ये रडली, आणि कंडक्टरनं विचारलं तर म्हणाली, डोळ्यात कचरा गेला.

पुढच्या पावसाळ्यात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला, धान गुडघ्याला आलं आणि पंप बाहेर निघाले. गिरजानं कपडे धुण्याच्या साबणाची वडी घेतली, बादली घेतली आणि शिवारात निघाली. सिस्टरनं तिला सगळं समजावलं होतं. औषध अंगावर सांडलं की आधी कपडे काढायचे, मग साबण, मग पुष्कळ पाणी, आणि मग दवाखाना. धुणाऱ्यानं उघडे हात लावायचे नाहीत. हातमोजे नव्हते, म्हणून गिरजानं बियाण्याच्या प्लास्टिकच्या पिशव्या कमरेला खोचून ठेवल्या.

लोकांना ते आवडलं नाही. फवारणीच्या वेळी नवरा फवारणीत गेलेली बाई समोर येते, हे अनेकांना अशुभ वाटायचं. कोलू नावाचा म्हातारा तिला तोंडावर म्हणाला, "कायले फिरतं वं दारोदार मरन घेऊन?" ती म्हणाली, "मरन तुमच्या पाठीवर हाय, कोलूभाऊ. माह्या हातात साबन हाय." तो रागानं पाठ फिरवून गेला. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या सुनेनं गुपचूप विचारलं की डोक्यालाही साबण लावायचा का.

तिचीही चूक झाली सुरुवातीला. एकानं पाय धुवायला तिची वडी घेतली आणि हातपंपाचं पाणी वापरलं. फेस आलाच नाही, नुसता चिकट पांढरा कीट सुटला. तेव्हा तिला आठवलं की मनसाराम पावडरीसाठी बोडीचं पाणी आणायचा. तेव्हापासून ती बोडीतूनच बादली भरते. मात्र कोणाला बोडीत उतरून धुऊ देत नाही. पंपही धुऊ देत नाही. एकदा एकानं धुतला होता, तर काठाशी झिंगे उलटे पडले होते. त्यावरून तिची दोन घरांशी भांडणं झाली.

त्याच हंगामात प्रफुल पडला.

मनसाराम गेल्यापासून त्याच्या बांधीत फवारायला कोणी येत नव्हतं, म्हणून तो स्वतःच पंप चढवायचा. दिव्या धुऱ्यावर होती. तिची किंकाळी गिरजानं बोडीवरून ऐकली. बादली भरलेली होतीच. ती धावली, आणि प्रफुलच्या धुऱ्याशी येऊन थांबली.

ती स्वतः सांगते की ती थांबली. समोर तो माणूस चिखलात लोळत होता, तोंडातून लाळ गळत होती, अगदी तसाच. मनात आलं, पाहू दे याच्याही बायकोला. किती वेळ थांबली ते तिला आठवत नाही. मग दिव्यानं तिच्याकडे पाहून हात जोडले, आणि गिरजा बांधीत उतरली.

"सदरा फाड त्याचा," ती दिव्याला म्हणाली. "हातात पिशवी घाल पयले. पॅन्ट बी काढ. लाज धरू नोको, मानूस चालला."

आजूबाजूच्या बांध्यांतली माणसं जमली होती. त्यांच्यादेखत दोघी बायकांनी त्याला उघडा केला. गिरजानं हातावर पिशव्या चढवल्या आणि त्याच्या पाठीवर, मानेवर, केसांत, काखेत साबण घासला. पाणी पांढरं होऊन वाहू लागलं. "पानी आना," ती ओरडत होती, "बोडीचं आना, अजून आना." माणसं बादल्या घेऊन पळाली. कोलू म्हाताराही पळाला. ती वडी पार झिजेपर्यंत घासत राहिली. मग कोरड्या चादरीत गुंडाळून त्यांनी त्याला गाडीत घातलं.

पिशव्या फाटल्या होत्या. संध्याकाळी गिरजाचेच हात कापू लागले, ओकारी झाली. तिलाही दवाखान्यात ठेवावं लागलं, प्रफुलपासून दोन खाटा सोडून. रंजीता सिस्टरनं आधी तिला रागावलं आणि मग तिच्या नखांतलं औषध स्वतः साबणानं धुतलं.

प्रफुल वाचला. मान जड होण्याची भीती होती, म्हणून दिव्या रात्रंदिवस त्याला डोकं उचलायला लावायची. ते उचललं जात राहिलं. गिरजा आपल्या खाटेवरून ते पाहत असायची. तिच्या मनात काय होतं ते तिनं कोणाला सांगितलं नाही. इतकंच म्हणाली की मला पडदा लावून द्या. पडदा नव्हता.

घरी परतल्यावर प्रफुल तिच्या दारात आला. पायाला हात लावायला वाकला तर ती मागे सरली. "माह्या पाया नोको पडू," ती म्हणाली. "तुले धुतलं, माफ नाई केलं." तो निघून गेला. दिव्या मात्र येत राहिली. आता दोघी कधीकधी मिळून जाळं विणतात, फार बोलत नाहीत.

गिरजाबाईच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत. झिंगे निवडताना तिला त्रास होतो. गावात काहींनी टोळीचं तेल लावून फवारायचं सोडलं. काहींनी नाही. दुकानात एकानं जास्तीची बाटली मागितली की दुसराही मागतो.

यंदा पुन्हा तुडतुडा आला. गिरजा शिवारात गेली तेव्हा प्रफुलच्या बांधीत पंपाचा आवाज येत होता. तोच होता, पाठीवर पंप, तोंडाला रुमाल.

"काऊन रे?" ती धुऱ्यावरून ओरडली. "जीव नको झाला का तुले?"

त्यानं पंप थांबवला. रुमाल खाली ओढला. "मंग औषध कोन मारन, वैनी?" तो म्हणाला. "तुमीच सांगा, कोन मारन?"

तिनं बादली खाली ठेवली आणि त्याचं फवारून होईपर्यंत उन्हात तिथंच बसून राहिली.